डब्याला आलेला लिंबाचा वास

मित्रांनो, आधी नाक धरा आणि मग जवळ या. मी दामाजी कोळ्यांचा आमिषाचा डबा. आमिष म्हणजे मासा फसावा म्हणून गळाला लावायचा घास. तुमच्या घरचे डबे लाडू-चिवड्याचे, त्यांचा तोरा मला चांगला ठाऊक आहे. माझ्या पोटात चाळीस वर्षं शिळी कोळंबी आणि कोंबडीची आतडी राहिली आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. सध्या मी कोलशेतच्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, वॉशिंग मशिनच्या मागे कोंबलेला आहे. अंगावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांना घट्ट गाठ. गुदमरायला होतं हो! पण तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि दिवस थोडे उरले आहेत.

जन्माने मी साधा अॅल्युमिनियमचा. मनुबाईंनी, म्हणजे दामाजींच्या बायकोने, मला ठाण्याच्या बाजारातून पीठ ठेवायला आणलं होतं. दामाजींनी मला परस्पर होडीत नेलं. मनुबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण पहिल्याच फेरीत हातभर लांबीचा शिंगाळा मिळाला, त्याचं कालवण झालं, आणि पीठ बिचारं शेवटपर्यंत पत्र्याच्या पिंपात राहिलं.

शिंगाळा तुम्ही पाहिलाय का? मिशांचा मासा. खाडीच्या तळाशी चिखलात फिरतो. तिथे पाणी इतकं गढूळ की डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून तो मिशांनी चाचपतो आणि वासावर जेवतो. त्याला ताजं आमिष आवडत नाही. कोळंबी नाहीतर आतडी मीठ लावून ठेवायची, चांगला दर्प सुटला पाहिजे. दोरीला शिसं बांधून गळ थेट तळाला टेकवायचा आणि दोरी बोटावर धरून गप्प बसायचं. पहिला झटका बसला की नवखा माणूस ओढतो आणि हात हलवत घरी जातो. शिंगाळा आधी नुसतं चाखून बघतो. मग तोंडात घेऊन चालू लागतो. दोरी चालायला लागली की मगच हिसका द्यायचा. वर आला तरी घाई नको, कारण पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. तो काटा लागला तर भलाभला गडी विव्हळत बसतो.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे साबण वर्ज्य. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला निघाले की दामाजी खाडीतला चिखल हाताला चोळायचे. मला तर चाळीस वर्षांत साबण ठाऊक नव्हता. खाडीच्या पाण्याने खळखळून घेतलं की झाली माझी आंघोळ. आतून मी काळाकुट्ट झालो, पण माझ्यात ठेवलेलं आमिष वाया गेलं नाही. भावकीतली माणसं दामाजींना विनवायची, "दामू, एक दिस तुजा डबा दे ना रं!" दामाजी होडी देत, जाळं देत, मला मात्र कुणाला दिलं नाही. तेव्हा मी किती फुगायचो म्हणून सांगू!

मग मनुबाई गेल्या. जुनं घर पाडून त्या जागी इमारत उभी राहिली. मी लिफ्टमधून वर गेलो आणि लोक नाक मुरडायला लागले. दामाजी मला सदऱ्याआड झाकून न्यायचे. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणापासून लपलो.

अजून एक गोष्ट आहे. ती फक्त मला माहीत आहे. तो मोठा आजार आला होता ना, घराघरांत माणसं अंथरुणाला खिळली होती, त्यातून दामाजी बरे झाले. बरे झाल्यावर त्यांनी माझं झाकण उघडलं आणि नेहमीसारखं नाक जवळ आणलं. मग आणखी जवळ आणलं. पुन्हा एकदा आणलं. त्यांना वासच येईना! त्यांनी हळूच झाकण लावलं आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. तेव्हापासून आमिषाला दर्प सुटला की नाही, हे ते दिवस बोटांवर मोजून ठरवायचे.

यंदा पावसाळ्यात दामाजी किनाऱ्यावरच्या चिखलात घसरून पडले. त्यांचा मुलगा दर्शन घाबरला. "बाबा, बस झालं आता. तुला जमत नाही. होडी देऊन टाकू," तो म्हणाला. दामाजी असे उसळले! शेवटी बापलेकांत ठरलं. येत्या रविवारी एक तरी शिंगाळा आणायचा. आणला तर होडी राहील. नाहीतर दिवा गावचा एक माणूस ती विकत घ्यायला तयारच होता. "आणतो," दामाजी म्हणाले. "नाय आणला तर दे कुनालाबी."

दर्शनची बायको समिधा मानपाड्याची. तिच्या माहेरी मासा कापूनच घरात यायचा. पोर स्वभावाने सोन्याची, सासऱ्यांवर जीव टाकणारी. शनिवारी सकाळी तिने मला उचललं. "उद्या बाबांना लिफ्टमध्ये कुणी एक शब्द बोलायला नको," असं पुटपुटत तिने भांडी घासायचं लिंबाचं लिक्विड माझ्यात ओतलं. अगं बाई, नको गं, नको! मी किती ओरडलो असेन, पण डब्याचं कोण ऐकतंय? तिने अर्धा तास घासलं. काळे डाग काही गेले नाहीत, वास मात्र पार गेला. माझ्या काठाच्या घडीत फेस अडकून राहिला. मला पुसून तिने पुन्हा जागेवर ठेवलं.

संध्याकाळी दामाजींनी माझ्यात कोळंबीचं आमिष भरलं. मी दिसायला होतो तसाच काळा, आणि वास तर त्यांना येत नव्हता, त्यांना काय कळणार? रात्रभर ती कोळंबी लिंबात मुरली आणि मी तिला पोटात घेऊन नुसता तळमळत राहिलो.

रविवारी भरतीच्या पाण्यावर आम्ही निघालो. दामाजींनी हाताला चिखल चोळला, गळ तळाला टेकवला, दोरी बोटावर घेतली. सगळं अगदी रीतसर. एकदा दोरी थरथरली. दामाजी श्वास रोखून थांबले. पण दोरी चालली नाही. शिंगाळा आला, चाखून बघितलं आणि निघून गेला. वर ओढलं तर आमिष जसंच्या तसं. असं चार वेळा झालं.

शेजारी धाकूची होडी होती. "काय रं दामू, बोहनी झाली का नाय?" त्याने हाक मारली. "माजं दोन झालं. माज्यातलं आमिष घे, बघ."

घ्या हो दामाजी, घ्या! माझा जीव नुसता कासावीस झाला. एक मूठ धाकूच्या डब्यातली घेतली असती तर होडी वाचली असती. पण दामाजींनी मान हलवली. "नको रं धाकू. पोराला काय सांगू, धाकूच्या आमिषाचा मासा आनला?"

पाणी ओसरेपर्यंत ते बसून राहिले. मग आपल्या हाताकडे बघत बसले. इतकं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मनुबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

घरी आल्यावर ते दर्शनला एवढंच म्हणाले, "खाडी आता मला वळखत नाय. दे होडी." दर्शन खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्यालाही हे असं जिंकायचं नव्हतं. समिधाने डोळे पुसत चहा ठेवला आणि मला जपून दोन पिशव्यांत बांधलं.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मायेने घासायला घेतलीत तरी आधी एकदा त्याला विचारा, एवढंच माझं मागणं होतं. पण आज आणखी एक मागतो. तुमच्यापैकी कुणी कोलशेतला राहत असेल तर अकराव्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि दामाजींना सांगा, डब्याला लिंबाचा वास लागला होता, तुमचे हात चुकले नाहीत. समिधाला कुणी रागावू नका. फक्त लवकर जा. दिव्याचा माणूस होडी न्यायला परवा रविवारी येणार आहे, आणि आज शुक्रवार आहे.