कात्री कोणाच्या हातात

माझ्या शिलाईच्या दुकानात कापड कापायची कात्री माझीच, हा तीस वर्षांचा नियम. मुलगी वर्षभर मागे लागली होती, "बाबा, आता कटिंग मी करणार." शेवटी मी म्हटलं, "बुद्धिबळात मला हरवून दाखव, मग कर!" आजवर तिनं एकदाही मला हरवलं नव्हतं. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

रविवारी दुकान बंद ठेवून कटिंगच्या टेबलावर पट मांडला. पांढऱ्या सोंगट्या तिच्या. तिनं मधली प्यादी सोडून बाजूचं, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

"हे काय? मैदान मोकळं सोडून कुंपणाजवळ खेळतेस?"

"बघू या," ती म्हणाली.

मग घोडा काढला, राजाकडचा उंट कोपऱ्याजवळ नेऊन ठेवला आणि राजाला किल्ल्यात बसवलं. हल्ल्याचं नावच नाही! मी मधली प्यादी दणादण पुढे दामटली. मधला सगळा पट माझा झाला, म्हणून मिशीला पीळही दिला.

पण ती प्यादी सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आले. ती एकदा डावीकडून टोचायची, एकदा उजवीकडून. एकेक प्यादं पडलं. आणि मग तिचा घोडा शह देत उडाला. त्याच्यामागे दडलेला उंट थेट माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीवर! राजा वाचवला, हत्ती गेला, डावही गेला.

"चोरटेपणा आहे हा!" मी ओरडलो.

"चोरटेपणा कसला? तुम्ही कुठे उभे राहता ते आधी बघितलं. गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कापड कापायचं का?"

ही अक्कल कार्टीला मीच शिकवली होती. मला राग आला, हसूही आलं. निमूट कात्री दिली.

सोमवारी पहिलंच कापड कोटाचं, महागाचं. ती खडू हातात धरून नुसती बघत उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "काप की!" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावून गप्प बसलो. हरण्यापेक्षा ते अवघड गेलं, खरं सांगतो.

मग कात्री चालली ती कुठेही न अडखळता. तुकडे जुळवून पाहिले, तर एक धागाही इकडेतिकडे नव्हता. इतका आनंद झाला मला, की डोळेच भरून आले.

"बाबा, काही चुकलं का?" तिनं घाबरून विचारलं.

"माझंच," मी म्हटलं. "वर्षभर तुला उगाच अडवून धरलं."