बिनआवाजाचा जनरेटर

सकाळी साडेसातला ताई शिलाईच्या खोलीत मशीनवर मान टाकून बेशुद्ध पडलेली सापडली. रात्रपाळीहून परतलेल्या भाऊजींनी तिला उचलून अंगणात आणलं. खोलीतला दिवा अजून चालू होता आणि टेबलाखाली जनरेटरची ज्योतही.

जनरेटर ताईच्या धाकट्या भावाने दिलेला. त्याचा धंदाच जनरेटर दुरुस्तीचा. पण हा वेगळा होता. इंजिन नाही, फिरणारं काही नाही. खाली गॅसची ज्योत, वर धातूच्या पट्ट्या. उष्णतेची थेट वीज, तीही दिव्यापुरती. वादळात तारा तुटल्या आणि ताईकडे शाळेचे गणवेश शिवायचे पडले होते, म्हणून तो स्वतः नेऊन देऊन आला. ताईने वाकून कान लावला. "हा तर तुझ्या भाऊजींवर गेलाय. खायला घाला, तोंडातून शब्द नाही."

आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. बाहेर वाऱ्याने ज्योत टिकत नाही, आत घेऊ का? तो दुकानात एका इंजिनात कोपरापर्यंत बुडालेला. जनरेटर बाहेरच ठेवा, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. पण लोक भांडत ते आवाजावरून, म्हणून कारणही तो आवाजाचंच देई. धुराचं कारण सांगता सांगता केव्हाच गळून गेलं होतं. तो म्हणाला, "आवाज आहे का त्याला? मग घे की आत."

पहाटे उठून ताई शिवायला बसली होती.

खोलीत काय जळत होतं, असं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. कोंडलेल्या हवेत ज्योतीतून विषारी वायू सुटतो, त्याला वास नसतो, एवढं सांगून ते आत गेले. भाऊजी बाकावर बसले ते उठलेच नाहीत. कामावर निघताना त्या खोलीची खिडकी त्यांनीच लावली होती. ताईला खोकला होता. तेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

आता बोलायला हवं, हे शेजारी बसलेल्या भावाला कळत होतं. तोंडून मात्र निघालं, "तुम्हाला काय ठाऊक असणार, भाऊजी."

भाऊजींनी त्याचा हात घट्ट धरला. "तू आहेस म्हणून धीर आहे रे."

तो हात त्याला सोडवून घेता येईना आणि धरवेनाही.

दुपारी नर्स दारात आली. पेशंट शुद्धीवर येतोय, एकानेच आत या.

"तू जा," भाऊजी म्हणाले. "मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

तो उठला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"भाऊजी, आत घेऊ का म्हणून तिने मला विचारलं होतं. काल, फोनवर."

भाऊजींनी मान वर केली. "मग तू काय म्हणालास?"

नर्सने पुन्हा हाक मारली. ताईने डोळे उघडले होते. अजून ती काही बोलली नव्हती.