बुडातली काजळी

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी असते. बघणाऱ्याला वाटते, किती निवांत पडली आहे! पण निवांतपणा माझ्या नशिबी नाही. एका सकाळी माझ्यामुळे एका घराचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. तेच तुम्हाला सांगते.

माझी नळी एका लोहाराने ठोकून घडवली आणि लाकडी दस्ता त्याच्या भावाने तासला. माझे जेवण तोंडातूनच असते. आधी काळी दारू, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी. ती लांब लोखंडी गजाने पार बुडापर्यंत ठासायची. बुडाशी एक बारीक भोक असते, त्यावर छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी भोकातून आत शिरते आणि धडाम्!

पण दारू जळली की मागे काजळी उरते. माझ्या बुडाशी करंगळीएवढा अरुंद खळगा आहे. काजळी तिथेच दडून बसते. ती ओलावा ओढते, लोखंड खाते आणि भोक बुजवते.

एक गृहस्थ एका फळबागेची राखण करत; त्या राखणदारांनी मला घेतले. बागेत रानडुकरे शिरून झाडांची मुळे उकरत. त्यांना पिटाळणे हे आमचे काम. बार काढून घरी आले की राखणदार आधी मला कढत पाणी पाजत आणि मग स्वतः जेवायला बसत. गजाला चपटे पाते लावून तो खळगा खरवडत. शेजारच्या बागेचा म्हातारा त्यांना चिडवायचा, “अरे, बायकोची तरी एवढी सेवा केलीस का?”

“ती माझी करायची,” राखणदार म्हणत, “म्हणून तर सवय लागली.”

पुढे बायको गेली. त्यांची नजर अधू झाली, गुडघे कुरकुरू लागले. खळगा खरवडणे जिकिरीचे होऊ लागले. मग नुसते कापड फिरवायचे आणि वरून तेल चोळायचे. मी अशी चकाकू लागले, की येणारा-जाणारा वाहवा करी. मला मात्र त्या कौतुकाचा राग येई. वरून लखलखाट आणि पोटात थरावर थर! पाठीला खाज सुटावी आणि हात पोचू नये, तशी माझी गत झाली होती. ओरडून सांगावे तर मला एकच आवाज ठाऊक, आणि तोही दुसऱ्याने चाप ओढल्याशिवाय निघत नाही.

व्हायचे तेच झाले. एका पहाटे डुकरे आली. राखणदारांनी नेम धरून चाप ओढला. टोपी फट् करून फुटली, पण बार उडालाच नाही. भोक काजळीने बुजले होते. डुकरे जरा थबकली आणि आमची कीव आल्यासारखी सावकाश चालती झाली. राखणदारांनी फुटकी टोपी काढून फेकली. घरी येऊन मला खुंटीवर ठेवले आणि पुटपुटले, “चहा घेतो, मग काढतो हिच्या पोटातलं.”

चहाचा कप तोंडाला लागला नाही. त्यांचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली.

मुलीने त्यांना आपल्या घरी नेले, आणि त्यांच्या सामानाबरोबर मलाही. त्या घरात पुढे जावयाचे वेल्डिंगचे दुकान, मधल्या खोलीत मुलीचे शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत राखणदारांची खाट. दारे एका रेषेत, त्यामुळे खाटेवरून थेट दुकान दिसे. मला खाटेसमोरच्या भिंतीवर टांगले. आम्ही दिवसभर एकमेकांकडे पाहत असू. माझ्या पोटात गोळी आहे हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होते, आणि बोलता दोघांनाही येत नव्हते.

धूळ पुसायला कुणी मला उतरवले, की राखणदार “अं! अं!” करून डावा हात हलवत. मुलगी म्हणे, “बरं बाबा, नाही हात लावत. तुमचीच आहे ती.” आणि मला परत खुंटीवर ठेवी.

जावई मनाने उमदा होता. त्याने वेगळाच अर्थ काढला. “अगं, तिला गंज चढलाय ना, म्हणून त्यांचा जीव तुटतो. मी आतून-बाहेरून लख्ख करून देतो. बघच कसे खूश होतात!”

एका सकाळी राखणदारांचा डोळा लागला असताना तो मला दुकानात घेऊन गेला. गजाला चिंधी बांधून नळीत घातली. चिंधी तांबडी-काळी होऊन आली. गज खाली टेकेना.

“बापरे! बुडाशी केवढी काजळी साचलीय,” तो मुलीला ऐकू जाईल असे म्हणाला. “मागचं बूच काढल्याशिवाय साफ व्हायची नाही.”

त्याने मला टेबलाच्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्ये, आवळले. माझे तोंड घराच्या आतल्या बाजूला होते. समोर मशीनवर मुलगी वाकून एक झगा शिवत होती. बूच फिरेना. “गंजलंय. जरा तापवलं की सुटेल,” असे म्हणत त्याने गॅसचा पाइप ओढला आणि ज्योत पेटवली.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण त्या निळ्या ज्योतीची सूं सूं ऐकली आणि माझे पाणी पाणी झाले. मला वळायचे होते, वाकायचे होते, निदान व्हाइसमधून निसटून पडायचे होते. मी तसूभरही हलू शकले नाही.

राखणदारांना जाग आली. त्यांनी रिकामी भिंत पाहिली. मग दार, मशीन, दुकान, ज्योत. त्यांनी डाव्या हाताने उशाचा पाण्याचा पेला उचलून सगळ्या ताकदीनिशी भिरकावला. तो दारावर खणाणून आदळला आणि मुलगी दचकून मागच्या खोलीत धावली.

“काय झालं बाबा? काय हवंय?”

त्यांनी तिचे मनगट असे घट्ट धरले, की ती कळवळली. ते दुकानाकडे बोट दाखवू लागले. ती ओरडली, “अहो, आधी तो गॅस बंद करा!”

“अगं, दोन मिनिटांत होईल.”

“बंद करा म्हणते ना!”

ज्योत विझली. जावई मला घेऊन खाटेपाशी आला. राखणदारांनी खुणेने गज मागून घेतला, माझ्या तोंडात सोडला, आणि आवाज आला, थप्प.

मुलीचा चेहरा उतरला. “रिकामी असली की खणकन वाजते. लहानपणी ऐकलंय मी.”

राखणदारांनी नळीच्या तोंडाशी गज चिमटीत पकडला, बाहेर काढून नळीवर ठेवला आणि टोक दाखवले. ते बुडापासून चार बोटे अलीकडेच थांबत होते.

“एवढी काजळी कशी असेल?” म्हणता म्हणता जावयाने ते अंतर बोटांनी मोजले. “बाबा, भरलेली आहे?”

राखणदारांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. जावयाने माझे तोंड भिंतीकडे वळवले. मशीनकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, “पाणी दे.” पेला मात्र मधल्या खोलीत चेपून पडला होता.

मग मुलीने आणि जावयाने माझी नळी पाण्याने भरली आणि मला बादलीत उभी करून ठेवले. राखणदार खाटेवरून खुणा करत, जावई तसतसे करी. दारू पुरती भिजल्यावर त्याने गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. मागून काळा चिखल निघाला. मुलीने पात्याने खळगा खरवडला, तेव्हा करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखी काजळीची खपली सुटली. कढत पाणी ओतताच सडक्या अंड्यांचा वास घरभर पसरला.

“शी! बाबा, हा वास घेऊन तुम्ही जेवायला बसायचात?”

राखणदार अर्ध्या चेहऱ्याने हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मित्रांनो, बाहेरच्या चकाकीवर भुलू नका. जिथे हात पोचत नाही, तिथेच आधी पोचा. रिकामी म्हणून सांगितलेली बंदूक भरलेलीच समजा. आणि एखादे काम अर्ध्यावर टाकून उठावे लागले, तर चहा नंतर घ्या, आधी घरात कुणाला तरी सांगून ठेवा. सांगायला तोंड उद्या असेलच असे नाही.

आता मला कुणी बार काढायला नेत नाही. तरी मुलगी मधूनमधून मला उतरवते, गजाला कापड बांधून आतून पुसते. “झालं, बाबा. अगदी बुडापर्यंत गेलाय गज, शपथ!” राखणदार डावा हात पुढे करतात. कापड बघायला मागतात. त्यावर काळा ठिपका दिसला, तर डावा हात तसाच पुढे ठेवून दुसऱ्या कापडाची वाट बघत राहतात.