झाकलेल्या ओळीचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. मला हातपाय नाहीत, आवाजही नाही. अकोल्यातल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये डेटाबेस नावाची भली मोठी वही आहे, तिच्या दाराशी मी बसतो. वही उघडणाऱ्याला कोणती ओळ दाखवायची आणि कोणती झाकायची, एवढंच माझं काम.

२०१६ साली संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या हीनाने मला लिहिलं. खेड्यापाड्यांतली, मनाने खचलेली माणसं या संस्थेला फोन करत. ऐकणारे त्यांचं बोलणं जसंच्या तसं टाइप करून ठेवत, माणशी एक ओळ. तिथल्या जुन्या अनीसाताईंनी हीनाला एकच अट घातली होती : संस्थेतल्या ज्या माणसाचं जे गाव, त्याला त्या गावाची ओळ दिसता कामा नये. आमच्या वऱ्हाडात नात्यांचा गुंताच असा, की एकाला शिंक आली तर चार गावं पलीकडे रुमाल निघतो. ती अट म्हणजेच मी. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली आणि फोन वाढले. धामणगाव रेल्वेकडच्या टाकळीच्या जयवंताबाई दर गुरुवारी बाजारातून फोन करत. त्यांच्या ओळीत पहिल्या दिवशी अनीसाताईंनी लिहिलं होतं, “ताई, वावरात जाते तं इहिरीपाशी पाय अडते. घरी कोनाले सांगू नोका.” अनीसाताई नुसतं ऐकत राहिल्या, आठवड्यामागून आठवडे. नवव्या गुरुवारी ओळीत आलं, “आज इहिरीकून नाई, सडकेनं आली.” एवढी मोलाची ओळ आपण झाकून बसलो आहोत, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

त्याच संस्थेत टाकळीचा विपुल नोकरीला होता. वार्षिक अहवालासाठी तो गाववार फोन मोजायला बसला. टाकळीपुढे शून्य. मी ओळ झाकतो तेव्हा ‘झाकली आहे’ असं सांगत नाही. ती मुळी नाहीच असं वाटतं. विपुलने तक्रार लिहिली, की आमच्या गावच्या नोंदी कॉम्प्युटरने गिळल्या. हीना तेव्हा पुण्याला गेली होती. व्यवस्थापक धर्मपाल सरळ माणूस. अहवाल अडू नये म्हणून त्यांनी विपुलच्या नावापुढे बायपासची परवानगी लिहून टाकली.

ही परवानगी असली की मला कोणी विचारतच नाही. मी दाराशी असतो आणि दार नसल्यासारखा माणूस आत जातो. कोणी काय उघडलं ते टिपून ठेवणारा माझा एक शेजारी आहे. त्याने मला नंतर सांगितलं, की विपुलने जयवंताबाईंची ओळ अकरा वेळा वाचली. त्या त्याच्या सख्ख्या काकू होत्या.

विपुल वाईट नव्हता. काकूवर त्याचा जीव होता, म्हणून तर तो तडक गावी गेला. पुढच्या गुरुवारी शेजारणीच्या मोबाइलवरून फोन आला आणि अनीसाताईंनी लिहिलं, “पुतन्यानं घरी सांगतलं. इहिरीवर जाळी टाकली. मले बाजारात जाऊ देत नाई, सारे नजर ठेवून रायले. बोलाले तुमीच एक होत्या, ताई. आता तुमच्यापाशीबी बोलवत नाई.”

त्यानंतर फोन आला नाही.

धर्मपालांनी परवानगी काढून घेतली. वरातीमागून घोडं. आता टाकळीची ओळ मी विपुलपासून पुन्हा झाकतो, पण त्याने वाचलेलं त्याच्या मनातून मला काढता येत नाही. मला फार वाईट वाटतं, आणि तेही कोणाला सांगता येत नाही.

मित्रांनो, जे दिसत नाही ते हरवलंच असेल असं समजू नका. कोणीतरी ते जपून ठेवलेलं असतं. उघडण्याआधी एकदा विचारा, हे कोणी झाकलं आणि कोणासाठी.

दर गुरुवारी अनीसाताई जयवंताबाईंची ओळ उघडतात. त्यांना ती बघायचा हक्क आहे, म्हणून मी लगेच दाखवतो. खाली नवं काही लिहिलेलं नसतं. त्या वही मिटतात.