दामूच्या यकृतातली पाठराखीण

खरं म्हणजे मी हे कुणाला सांगायचं नाही. आमच्यात रीतच तशी आहे. काम करायचं, बाजूला व्हायचं आणि तोंड उघडायचं नाही. पण आज राहवत नाही, म्हणून बोलतेय.

मी पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या सोबतीला एक बाई जाते, तिला आपल्याकडे पाठराखीण म्हणतात ना, तशी. फक्त मी माणसांतली नाही. किन्हवलीच्या दामूच्या यकृतात, एका पेशीत राहणारं मी एक प्रथिन आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान. आमच्यातल्या जुन्या मोडतात, नव्या घडतात, म्हणून मी बोलते ते आम्हा सगळ्यांचंच समजा.

माझं काम सोपं वाटतं. पेशीत विकरं तयार होतात. अन्न पचवणं, विष मोडणं ही कामं तीच करतात. पण विकर जन्मतं तेव्हा ते नुसता लांब धागा असतं. त्या धाग्याच्या ठरावीक घड्या पडल्या, तरच ते कामाला लागतं. धाग्याचे काही भाग चिकट असतात. ते आत लपायला हवेत. उघडे राहिले तर शेजारच्या धाग्याला चिकटतात आणि नुसता गुंता होतो. मी तो चिकट भाग धरून ठेवते, सोडते, पुन्हा धरते. घडी कशी घालायची हे मी शिकवत नाही, ते त्या धाग्यालाच ठाऊक असतं. मी फक्त त्याला वाईट संगतीपासून जपते. घडी बसली की मी दूर. मलाही जन्मताना असंच कुणीतरी धरलं होतं.

दारू मोडणारी विकरंही माझ्याच हातांखालून जातात. पहिलं विकर दारू मोडतं, पण त्यातून एक जहाल पदार्थ निघतो. दुसरं विकर त्याला निरुपद्रवी करतं. दारू फार झाली की दुसऱ्याला झेपत नाही. मग तो जहाल पदार्थ दिसेल त्याला चिकटतो. नीट बसलेल्या घड्या बिघडतात. आम्ही धावत सुटतो, पण किती ठिकाणी पुरणार?

दामूचं यकृत सुजलं होतं. शहापूरच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोसमोर, सकुबाईसमोर, स्पष्ट सांगितलं, "आता थांबलात तर हे परत ठीक होईल. नाही थांबलात, तर माझ्या हातात काही नाही."

थांबायचं ठरलं, पण श्रावणापासून! त्याआधी गटारी होती. दामू म्हणाला, "एवढी एकच. पुढं श्रावण हाय ना, सगळं धुऊन निघंल." माणसांचा हा हिशेब मला कधीच कळला नाही. महिनाभर सोडायची म्हणून एका दिवसात महिन्याची प्यायची! त्या दिवशी आमच्याकडे जे झालं ते सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी नम्रता समोर येऊन उभी राहिली. ती फार बोलत नाही. तिनं त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बाबा, आता बोला."

"तुझी शपथ गो. नाय पिणार."

"श्रावणापुरतं नाय. कधीच नाय."

"कधीच नाय."

आणि खरंच शांतता झाली. गुंते सुटू लागले. जे सुटण्यासारखे नव्हते ते मोडून पेशीनं त्यांतून नवे धागे विणले. मी त्यांना धरत होते आणि घड्या पहिल्या प्रयत्नात बसत होत्या. शेतावर बेणणी करताना, भातातलं तण उपटता उपटता, सकुबाई बायकांना सांगायची, "आमच्या घरचा श्रावण यंदा खरा हाय हो!" बायका हसायच्या, "बघू, बघू, गणपती येऊ दे." मला त्यांचा राग यायचा. माझा दामूवर विश्वास होता.

मग एका सोमवारी त्याचा मुरबाडचा मित्र शेखर शेतावर आला. बांधावर बसून त्यानं पिशवीतून थंड पेयाची बाटली काढली. आत मोहाची दारू.

"उपास हाय रे माझा," दामू म्हणाला.

"मग? ही कशाची हाय? फुलांची. धान्याचा एक दाणा नाय हिच्यात. उपासाला चालती."

"आणि पोरीची शपथ?"

"शपथ दारूची घातली ना? हे झाडाचं औषध हाय. अंगदुखी जाती."

दामू मोठ्यानं हसला. मला वाटलं, आता बाटली परत देईल. त्यानं झाकण उघडलं.

ती रक्तातून आमच्याकडे आली तेव्हा मी एक अर्धवट घडीचं विकर धरून उभी होते. माझ्या हातातच त्याचा गुंता झाला. फुलांची काय आणि कशाची काय, आमच्याकडे येते ती दारूच.

तेव्हापासून दर सोमवारी तेच चाललंय. संध्याकाळी उपास सोडायला नम्रता त्याला केळीच्या पानावर वाढते. आज वालाचं बिरडं होतं. त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा आता किती बरा दिसतोय."

"तुझ्यामुळंच गो," तो म्हणाला आणि जेवू लागला.

ते वाक्य ऐकून मला जो जाळ लागला, तो दारूनंही लागला नव्हता. मी त्याच्याच अंगात घडले. त्याच्यासाठीच राबते. मी त्याची चहाडी करू नये हे मला समजतं. पण त्यानं मला फसवलं ते फसवलं, त्या पोरीला तरी फसवायला नको होतं. यकृत लगेच ओरडत नाही, म्हणून त्याचं निभावतंय. अजून वेळ गेलेली नाही. पण आमच्यात आता गुंतेच जास्त आहेत, आणि ते फार वाढले की पेशी स्वतःच स्वतःला संपवते.

नम्रता, तू चिडलीस तरी चालेल. रडलीस तरी चालेल. पण त्याचा शब्द खरा धरून गप्प बसू नकोस. त्याला समोर बसव आणि

"अगो, बोलत काय बसलीस? नवा धागा सुटलाय, धरायला कोण नाय! धाव!"

ही शेजारची पाठराखीण हाका मारतेय. आले गं, आले! नम्रता, मी सांगत होते, त्याला समोर बसव आणि त्याच्या डोळ्यांत बघून एकदाच विचार, सोमवारी शेतावर