गोठ्याचा फोटो

घरपट्टीच्या मोजणीवाल्याला मी जे बोलून गेले ना, त्यासाठी माझी जीभच हासडायला हवी.

नवीन त्याचं नाव. मेहरूणमधलं आमचं घर त्याने पुढून-मागून मोजलं आणि मागच्या पत्र्याच्या खोलीपाशी थांबला. "इथे कोण राहतं? भाडेकरू असेल तर आकारणी वाढेल, ताई."

आकारणी वाढेल म्हटल्याबरोबर मी घाईघाईने म्हणाले, "अहो, खोली कसली? गोठा आहे तो!"

"मग गोठा लिहितो. आतला फोटो लागेल पण. मोबाईल बंद पडलाय, उद्या येतो."

तो गेला आणि त्या खोलीत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. अरे देवा! अक्का आतच होत्या. गुंताअक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे मालक वारल्यावर चोपड्याहून आमच्याकडे या खोलीत राहायला आल्या, त्याला सहा वर्षं झाली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने माझी वेणीसुद्धा त्यांनीच घातली.

माफी मागायची सोडून दिवसभर घरात नुसत्या येरझाऱ्या. घासलेली भांडी पुन्हा घासली, लेकावर, जगदीशवर, उगीच खेकसले. अक्का जेवल्या, ताट धुतलं आणि एवढंच विचारलं, "तो सकाय कव्हय येस?"

"नऊला," मी म्हणाले.

सकाळी नवीनला घेऊन मागे गेले, तर अक्कांची खाट, ट्रंक, देवाचा फोटो, बठ्ठं बाहेर भिंतीशी लावलेलं. आत कडबा पसरलेला आणि शेजारच्या नथ्थूभाऊंची शेळी बांधलेली. अक्का दारात उभ्या होत्या.

"हाऊ शे गोठा," त्या त्याला म्हणाल्या. "काढ बेटा फोटो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला रडूच फुटलं.

"नका काढू! खोटं बोलले मी. खोली लिहा. गुंताबाई राहतात, माझ्या नणंदबाई. किती वाढायची ती वाढू द्या पट्टी!"

नवीनने मोबाईल खाली केला. "नणंद म्हणजे घरचंच माणूस, ताई. भाडेकरू थोडीच? काल सांगायचं ना."

मला मान वर करवेना. शेळीची दोरी सोडायला वाकले, तर अक्कांनी माझा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "पहिले त्याले लिखू दे."