राधिकाचं फाटक आन मेंढ्याचं माप

आमच्या वाडीपासून तांडा सव्वा किलोमीटर. पाणंदीची वाट. मला बारा-पंधरा मिनटं लागतात. राधिकाला किती लागतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिला कुणी एकटीला जाऊच दिलं नव्हतं.

राधिका म्हंजे ज्ञानबाकाकाची पोरगी. लहानपणापासून एक पाय वाळलेला, दोन्ही काखंत कुबड्या. ह्या वर्षी ती तांड्यावरच्या बालवाडीत शिकवायला लागली. काका तिला रोज मोटारसायकलवर डांबरी रस्त्यानं फिरून सोडायचे. पर काकाची दोनशे मेंढरं. दिवाळी झाली की काका-काकी कळप घेऊन चार-पाच महिने बाहेर.

काका म्हणले, "सोमवारी आमी निघून राहिलो. तवा एकटी तांड्यावर जाऊन दाखव. न्हाईतर हट्टा गावाला आत्याकडं राहायचं. बालवाडी बंद."

मी लगेच म्हणलो, "मी सोडतो की रोज गाडीवर."

"आन तुझी गाडी पंचर झाल्यावर?" राधिका म्हणली. "खांद्यावर नेशील काय?"

काका हसले.

गुरुवारी आमी दोघं वाट कशी हाये ते बघायला गेलो. चिखलात कुबडीच्या टोकाचं रबर निघून राहिलं. तिनं पिशवीतून दुसरं काढून बसवलं. चार रबरं संगं घेऊनच आली होती! वाटंतल्या वढ्यात गोल दगड होते, तिथं मी दोन फरश्या टाकल्या. तिसरी अडचण मोठी होती. पाणंद संपती तिथून तांड्यापर्यंत वाट अमरसिंगदादाच्या शेतातून जाती. त्या तोंडावर त्यानं बाभळीची काटी, म्हंजे काटेरी फांद्या, लावलेली. आपण काठीनं बाजूला सारून जातो. जिचे दोन्ही हात कुबडीवर, तिनं कसं सारावं?

अमरसिंगदादा म्हणला, "काढतो की. पर ज्ञानबाची मेंढरं माझा हरभरा साफ करतील. मागल्या साली केला का न्हाई?"

केला होता. खोटं कसं बोलावं?

मी म्हणलो, "दादा, मी लोखंडी फाटक करतो. माणूस जाईल, मेंढरू न्हाई."

"एक जरी मेंढरू आत दिसलं तर काटी परत लावीन, सांगून ठेवतो."

मी वेल्डिंग करतो. कुणाच्या हाताखाली शिकलो न्हाई, मोबाईलवर बघून बघून शिकलो. पयले दोन दरवाजे वाकडे झाले, ते आमच्याच गोठ्याला हायेत. मी डोकं चालवलं. अरुंद वाट, मधी एक वळण. काकाचा सगळ्यात थोराड मेंढा उभा केला, टेपनं लांबी-रुंदी घेतली. शनिवारी सकाळी फाटक बसवलं. मेंढा आत घातला. बराबर वळणावर अडकला! अमरसिंगदादासगट आमी सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या.

मग राधिका गेली. बराबर त्याच वळणावर अडकली. एक कुबडी आत, एक बाहेर.



"हसा ना," ती म्हणली. "मेंढा अडकला तवा लई हसले." मग माझ्याकडं बघून, "मेंढ्याचं माप घेतलंस. माझं काहून न्हाई घेतलं?"

खरं सांगतो, मला तिला टेप लावायची लाज वाटली होती. तेच तोंडातून निघून गेलं.

"लाज तुला वाटली आन अडकले मी," ती म्हणली.

तिला मागं काढलं. ती बांधावर बसली. फाटकाकडं बघून राहिली. मग म्हणली, "जे माझ्याकडं हाये आन मेंढराकडं न्हाई, असं काय?"

अमरसिंगदादा म्हणला, "अक्कल."

"ती हायेच. दुसरं सांगा."

तिनं कुबडी वर केली.

मग तीच सांगत गेली. फाटक रुंद पाहिजे. कडी छातीइतकी वर, तिला मोठी रिंग. कुबडीचं टोक रिंगत घालून वर उचलायचं आन आपल्याकडं ओढायचं. "मेंढरं नुसती ढकलतात, ओढत न्हाईत. लहानपणापासून बघून राहिले मी." फाटक जरा तिरपं टांगायचं, म्हंजे आपोआप बंद. तिनंच टेप धरला, कुबड्या पसरून उभी राहिली. "चाळीस इंच. लिही." मी लिहिलं.

रविवार अख्खा त्यातच गेला.

सोमवारी घोडीवर राहुटीचं पाल, भांडी, सगळं लादलेलं. वर राधिकाची बॅग बांधलेली, न जमलं तर हट्ट्याला न्यायला. काकानं ती सोडली न्हाई.

साडेआठला ती निघाली. "जवळ यायचं न्हाई," म्हणली. आमी मागं, आमच्या मागं कळप. वढ्यात फरशीवर कुबडी घसरली, ती गुडघ्यावर आली. काका एक पाऊल पुढं गेले, थांबले. माझं मनगट असं दाबलं की बोटं उमटली. ती फरशीला धरून उठली. ओला परकर पिळला. निघाली.

फाटकापाशी पयल्यांदा टोक रिंगत गेलं न्हाई. दुसऱ्यांदाबी न्हाई. तिसऱ्यांदा गेलं. फाटक उघडलं, ती आत, मागं खट्ट.

तेवढ्यात मेंढरं पुढं पळाली. पयलीनं डोकं लावलं, मग दहा-वीस जणींनी. फाटक हललं न्हाई. हरभऱ्यात काठी घेऊन उभा असलेल्या अमरसिंगदादानं काठी बांधावर ठेवली.

राधिकानं मागं बघितलंच न्हाई. तांड्याकडून लेकरांचा कालवा ऐकू आला, "बाई आल्या! बाई आल्या!" मी घड्याळ बघितलं. एक्केचाळीस मिनटं.

काका घोडीजवळ गेले. बॅगेची गाठ सोडून बॅग माझ्या हातात दिली.

"अंगद, ही घरी नेऊन ठेव. आन त्या कडीला तेल घालत जा."

कळप वळवला आन गेले.

येताना त्याच फरशीवर मी घसरलो, पार कमरेपर्यंत वढ्यात. बॅग डोक्यावर धरली म्हणून तेवढी कोरडी राहिली.